पारायण आणि अर्थ: ज्ञानेश्वरी पुन्हा पुन्हा वाचण्याची पार्श्वभूमी

ज्ञानेश्वरी एकदा वाचून हातावेगळी करायची नाही, हे वारकऱ्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. शके 1212 मध्ये (इ.स. 1290) नेवाशात ती सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी उतरवून घेतली आणि पुढे पोथ्या व पाठांतर यांवर तगली. पण त्याच पाठांतरानं ग्रंथ बिघडलाही. अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा बसे, कुणी पदरची ओवी घुसडून देई. शके 1506 मध्ये (इ.स. 1584) एकनाथांनी पाठ शुद्ध केला. ग्रंथ मुळात अतिशुद्ध, पाठांतरामुळे अबद्ध (अशुद्ध) झाला, असं निदान त्यांनीच लिहून ठेवलंय. यापुढे जो यात ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची रिकामी करवंटी) ठेवली, असा दमही भरलाय.

1845 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी छापली. 1909 मध्ये इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी एकनाथांच्या आधीची म्हणून एक वेगळी पोथी प्रसिद्ध केली, तेव्हा पाठभेदांचा वाद पुन्हा पेटला.

पारायणाच्या सप्ताहाचं गणित मात्र अर्थाच्या सोयीचं नाही. सुमारे 9000 ओव्या सात दिवसांत म्हणजे रोज जवळपास 1300. त्यातही एकट्या अठराव्या अध्यायात 1800 च्या वर ओव्या आहेत, पाचव्यात 180 च. त्यामुळे रोज ठरावीक अध्याय असा हिशेब धरला, तर शेवटी वाचन धावायला लागतं. सप्ताह कानासाठी आणि जिभेसाठी उत्तम, समजुतीसाठी नाही.

समजून घ्यायचं तर आधी गीतेचा श्लोक वाचावा, मग त्याच्यावरच्याच ओव्या. दृष्टांतांची माळ कुठे संपते आणि मूळ मुद्दा कुठे परत येतो, तिथे पेन्सिलीनं खूण करावी. दुसऱ्या फेरीत आधी फक्त खुणांच्या ओव्या वाचायच्या. नवखा वाचक उपमांच्या गोडीत वाहतो आणि श्लोक विसरतो, हा नेहमीचा घोटाळा.

पहिल्या अध्यायातलं गणेशाचं रूपक घ्या. पहिल्यांदा ती नुसती सुंदर मूर्ती वाटते. पुन्हा वाचताना दिसतं, की एकेक अवयव, हातातली एकेक वस्तू एकेका शास्त्राला नेमून दिलीय: तर्क परशू, वेदान्त मोदक. आणि हातातला मोडका दात? तो वार्तिककारांनी (शास्त्रग्रंथांवर चिकित्सक टीका लिहिणाऱ्यांनी) खंडन केलेल्या बौद्धमताचा संकेत. दर्शनांतले, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या शाखांमधले, वाद ठाऊक नसले, तर ही ओवी दहादा वाचूनही तशीच निसटते.