शर्ट घेण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे शर्टाचे नमुने मोजून चार आणि पँटचे दोन. दरवर्षी तेच. "यंदा नवीन काय?" असं गिऱ्हाईक विचारतं, पण नमुने न बदलणं आम्ही ठरवूनच ठेवलं आहे. नमुना तोच राहिला तरच आज नेलेल्या शर्टाला चार वर्षांनी हुबेहूब तशी कॉलर लावून देता येते.

शर्ट सगळ्यात आधी कॉलरलाच जातो. मानेला घासून घडीवर धागे सुटतात. बाकी शर्ट धडधाकट असतो. पहिल्या लॉटला आम्ही इस्त्रीने चिकटणारं बकरम, म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालायचं कडक कापड, वापरलं होतं. पाच-सहा धुण्यांत कॉलरवर फुगे आले. विकलेले शर्ट परत घेतले, पैसे दिले. तेव्हापासून सुती बकरम आत शिवूनच घालतो. घडी विरली की कॉलर उसवायची, उलटवायची आणि पुन्हा बसवायची. आतली कोरी बाजू वर येते. जुने शिंपी हे सर्रास करायचे. आम्ही ते एकदा फुकट करून देतो.

कापड नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारातून येतं. अख्खा ताका रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून मगच कापतो, म्हणजे आटायचं ते आमच्याकडेच आटतं. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये एम्प्रेस मिल नागपुरात काढली ती इथला कापूस हाताशी होता म्हणून. आज ती गिरणी नाही, पण कापड अंगठ्याने चोळून पाहणारी माणसं दुकानात अजून येतात. तुम्हीही चोळून पाहा, कुठल्याही दुकानात. पांढरी भुकटी पडली तर ती खळ. धुतल्यावर ती निघून जाते आणि खाली विरळ कापड उरतं.

शर्ट उलटा करूनही बघा. बगलेत आणि बाजूला कापडाच्या दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दुहेरी शिलाई घातलेली दिसेल. इंचाला 12 टाके. एवढ्या टाक्यांना वेळ लागतो, आणि आमची किंमत जास्त आहे ती मुख्यतः यामुळेच. पँटला मागे शिलाईच्या आत दीड इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवतो. पोट सुटलं तरी पँट टाकावी लागत नाही.

धुण्याचं थोडक्यात: मे महिन्यात घामाचा शर्ट दोन-दोन दिवस खुंटीला ठेवू नका, कॉलर पिवळी पडते. बोअरचं पाणी जड असेल तर एकदा जास्त खळबळा. उलटा करून सावलीत वाळवा. आपल्या उन्हात रंग टिकत नाही.

प्रत्येक ताक्यातलं मीटरभर कापड ठिगळांसाठी आणि कॉलरसाठी बाजूला ठेवलेलं असतं. शर्टाच्या आतल्या पट्टीवर त्या ताक्याचा नंबर आहे. दुरुस्तीला येताना शर्ट धुऊन आणा. पावती हरवली असली तरी चालेल, त्या नंबरावरून कापड सापडतं.