मराठा लाइट इन्फंट्रीचे मानचिन्ह

भारतीय पायदळातील मराठा लाइट इन्फंट्री या रेजिमेंटचे चिन्ह. रेजिमेंटचे केंद्र बेळगावच्या कॅम्प भागात आहे. गावात त्याला ‘मराठा सेंटर’ म्हणतात. चिन्हात बिगुल, ढाल, फुलीत ठेवलेल्या दोन तलवारी आणि अशोकस्तंभाचे सिंह आहेत. खानापूर-निपाणीकडच्या माणसाची नजर आधी ढाल-तलवारीवर जाते, आणि त्यात नवल नाही. पलटणीचा प्रकार मात्र बिगुल सांगतो.

अठराव्या शतकातील युरोपात पायदळाची मुख्य फळी खांद्याला खांदा लावून, ढोलाच्या ठेक्यावर चाले. हलके पायदळ, म्हणजेच लाइट इन्फंट्री, तिच्यापुढे विखरून, झाडाझुडपांचा आडोसा घेत लढे. दूरवर पांगलेल्या या शिपायांना हुकूम पोचवायला ढोल कुचकामी, म्हणून शिकाऱ्यांचे शिंग आले. चिन्हातील बिगूल आज परेडवर वाजतो तसा गुंडाळलेल्या नळीचा नसून त्या शिंगासारखा वाकडा आणि दोरीने टांगलेला दिसतो, तो यामुळेच. जगातील इतर लाइट इन्फंट्री पलटणींच्या बिल्ल्यांवरही तो आढळतो.

‘लाइट इन्फंट्री’ हे नाव मिरवण्याचा हक्क लढून मिळवावा लागे. 1840 मध्ये मुंबई इलाख्याच्या पाचव्या पलटणीच्या तुकडीने बलुचिस्तानातील काहूनचा किल्ला वेढ्यात लढवला. हीच पुढे ‘काळी पाचवी’ म्हणून ओळखली गेली. रेजिमेंटची सर्वांत जुनी ‘जंगी पलटण’ 1768 ची, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतील. ज्या कंपनीने पुढे पेशवाई बुडवली, तिच्याच फौजेतून निघालेल्या रेजिमेंटची युद्धघोषणा आज ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ आहे. हा तिढा गौरवग्रंथ सहसा हळूच ओलांडतात.

सिंह प्रजासत्ताकानंतरचे, लष्करी बिल्ल्यांवरील ब्रिटिश राजमुकुटाची जागा त्यांनी घेतली. ब्रीद ‘कर्तव्य, मान, साहस’. बिल्ला बेरे टोपीवर लागतो, सोबत लाल-हिरवा तुरा असतो. परेडच्या आदल्या रात्री ब्रासो हे पॉलिश लावून तो घासताना तलवारींच्या फटीत पांढरी पूड अडकते आणि कवायत शिकवणाऱ्या उस्तादाला नेमकी तीच दिसते.

तानाजी मालुसरे यांनी 4 फेब्रुवारी 1670 रोजी कोंढाणा घेतला. रेजिमेंट 4 फेब्रुवारी हा ‘मराठा दिन’ म्हणून पाळते. ही आठवण दिनविशेषात जपलेली आहे. बिल्ल्यावर गडाचे चित्र नाही.