पेटी बंद केव्हा करायची?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या छोट्या मराठी वाचनालयात चार संगणक आहेत. दोन सभासदांसाठी, एक देवघेवीच्या टेबलावर आणि एक वर्गणीच्या पावत्या छापायला. चारही डेबियनवर, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका प्रकारावर चालतात, कारण ते फुकट आहे आणि जुन्या यंत्रांना झेपतं. चारही माझ्या गळ्यात आहेत, कारण शनिवारी संध्याकाळी बाकी सगळ्यांना काही ना काही काम निघतं.

काही वर्षांपूर्वी, वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी, पावत्यांच्या यंत्रावर लिब्रेऑफिस या लिखापढीच्या प्रोग्रॅमची नवीकोरी आवृत्ती टाकायची मला हुक्की आली. आमच्या यंत्रावरच्या संचात ती नव्हती, म्हणून डेबियनच्या पुढच्या, अजून शिजत असलेल्या संचातून ओढून घेतली. ती एकटी आली नाही. तिला लागणारी बरीच पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमच्या बांधलेल्या पुड्या, तिच्यामागून आली आणि त्यांत सगळ्या यंत्रणेच्या बुडाशी असलेला, 'सी लायब्ररी' नावाचा सामायिक कोडही होता. रात्री छपाई बंद. ग्रंथपालकाकूंनी एकच विचारलं, "अरे, काल चालत होतं ना?"

डेबियनवाल्यांकडे अशा जोडगोळीला नाव आहे, फ्रँकनडेबियन. एका देहाला दुसऱ्याचे हातपाय. त्या रात्री पावत्या हाताने लिहिल्या, आणि काकूंचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. संगणकाच्या दुनियेत 'स्टेबल' हा शब्द ज्या अर्थाने वापरतात, तो अर्थ त्या चार-पाच शब्दांत आहे. स्थिर आवृत्तीत दोष असतात, भरपूर असतात. पण ते कालचेच दोष असतात, त्यांची ओळख झालेली असते. काल जे चाललं ते आज चालणार आणि काल जे अडलं ते आजही तिथेच अडणार, एवढाच हा वायदा.

हा वायदा पाळणं सोपं का नाही, ते समजायला आमच्या गावचंच उदाहरण घेतो. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला आणलं. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातली काचेची जमीन पाहायला लोक आजही जातात, पण मला त्या काळातली जास्त आवडते ती फिरत्या ग्रंथालयाची व्यवस्था. पुस्तकं पेटीत भरायची आणि पेटी संस्थानातल्या गावी पाठवायची. गावातल्या माणसाला निवडानिवड करावी लागत नसे, ती आधीच कुणी जाणत्याने केलेली असे. पेटी निघाली की निघाली. वाटेत नवं पुस्तक बाजारात आलं तर ते पुढच्या पेटीत.

लिनक्सचं वितरण, म्हणजे डिस्ट्रो, ही अशीच पेटी. जगभर हजारो माणसं आपापल्या सोयीने प्रोग्रॅम लिहितात. वितरण चालवणारे स्वयंसेवक ते गोळा करतात, संकलित करतात, एकमेकांशी जुळवतात आणि बांधून ठेवतात. प्रत्येक पुडीला म्हणायचं पॅकेज. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशा जवळपास ७० हजार पुड्या आहेत.

इथवर उपमा चालते, पुढे लंगडते. पेटीतली एक कादंबरी बदलली म्हणून शेजारचं चरित्र वाचता येईनासं होत नाही. पॅकेजांचं तसं नाही. हार्फबझ नावाची लायब्ररी घ्या. (आम्हा वाचनालयवाल्यांना हा शब्द फार छळतो. इथे लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोडचा तुकडा.) 'र्‍या' किंवा 'क्ष्म्य' लिहिताना कुठलं अक्षर कुणाच्या पोटात शिरेल आणि वेलांटी कुठे बसेल, हे काम ती करते. लिब्रेऑफिस तिच्यावर उभं आहे, डेस्कटॉपवरचे मेनू तिच्यावर उभे आहेत. तिच्या नव्या आवृत्तीने एखाद्या फंक्शनचं वागणं थोडं बदललं, तर तिच्या लेखकांच्या लेखी ती सुधारणा. तिच्यावर बेतलेल्या, अजून जुन्याच वागण्याची अपेक्षा करणाऱ्या दहा प्रोग्रॅमांच्या लेखी ती मोडतोड. ७० हजार पुड्यांचे असे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, आणि सगळ्यांचे लेखक आपापल्या वेळापत्रकाने नवं काही ना काही सोडत असतात. सगळे एकाच दिवशी 'झालं एकदाचं' म्हणतील, असा दिवस कधीच उगवत नाही.

म्हणून कुणीतरी दार लावावं लागतं. याला म्हणतात फ्रीझ. डेबियनमध्ये नवं पॅकेज आधी 'अनस्टेबल' शाखेत येतं. तिचं टोपणनाव सिड, म्हणजे एका ॲनिमेशनपटातला खेळणी मोडणारा पोरगा, आणि नाव सार्थ आहे. तिथे काही दिवस कुणी मोठी तक्रार केली नाही, तर ते आपोआप 'टेस्टिंग'मध्ये जातं. मग ठरलेल्या दिवसापासून टेस्टिंगमध्ये नवं काही घेणं टप्प्याटप्प्याने बंद होतं. त्यानंतरचे काही महिने फक्त दुरुस्त्यांचे. गंभीर बगांची यादी आटत आटत हाताशी आली की त्याच संचावर 'स्टेबल'चा शिक्का बसतो.

दार तारखेला लावायचं की तयारी झाल्यावर, यावर भांडणं झाली आहेत. 'तयार होईल तेव्हा' या तत्त्वाने डेबियनने एकदा चांगलंच हात पोळून घेतले. ३.० आवृत्ती आली जुलै २००२ मध्ये आणि ३.१ जून २००५ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांनी. तेवढ्यात लोकांची हार्डवेअरं बदलून गेली. दरम्यान ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू हे दुसरं वितरण आलं. त्याने डेबियनच्याच सिडमधून माल उचलून दर सहा महिन्यांनी पेटी पाठवायचा धडाका लावला. त्यांच्या आवृत्तीचं नावच तारीख असतं, पहिली ४.१०, म्हणजे २००४ चा दहावा महिना. हे गणित एकदाच चुकलं. एप्रिल २००६ ची पेटी जूनमध्ये निघाली आणि ६.०६ म्हणून इतिहासात राहिली. २००९ मध्ये डेबियननेही निम्मं ऐकलं. फ्रीझ तारखेने, प्रकाशन मात्र तयार झाल्यावर. मला विचाराल तर हाच सगळ्यांत शहाणा तोडगा आहे. गाडीचं दार ठरल्या वेळी लागतं, पण सिग्नल मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही.

बीएसडी हे लिनक्सबाहेरचं, ऑपरेटिंग सिस्टिमांचं दुसरं घराणं. त्याची तऱ्हा वेगळी. तिथे मूळ ऑपरेटिंग सिस्टिम एक गोष्ट आणि वरून टाकायची पॅकेजं दुसरी. ओपनबीएसडी वर्षातून दोनदा दोन्ही एकदम सोडतं. नेटबीएसडीचा पॅकेजसंग्रह पीकेजीसोर्स मात्र २००३ च्या अखेरपासून दर तिमाहीला एक शाखा काढतो. शाखेचं नाव वर्ष आणि तिमाही, म्हणजे २००३क्यू४, २००४क्यू१ अशी. फ्रीबीएसडीने २०१४ पासून तीच पद्धत उचलली. आगाऊ कराचे हप्ते भरणाऱ्या आमच्या मंगळ बाजारच्या दुकानदारांना तिमाही म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. तीन महिने फक्त सुरक्षेच्या आणि मोडतोडीच्या दुरुस्त्या घ्यायच्या, पुढच्या तिमाहीला नवी शाखा. डेबियनची पेटी दोन वर्षांची, ही तीन महिन्यांची. नव्या मालाची ओढ आणि बदलाची भीती यांतलं अंतर प्रत्येकाने आपल्या पोटाप्रमाणे कापलं आहे.

पेटी बंद झाल्यावर खरं काम सुरू होतं, आणि ते कुणाच्या नजरेत येत नाही. समजा स्थिर संचातल्या एका प्रोग्रॅममध्ये सुरक्षेचं भोक सापडलं. मूळ लेखक म्हणणार, नवी आवृत्ती घ्या, त्यात बुजवलंय. पण नव्या आवृत्तीत बुजवलेल्या भोकासोबत चाळीस नव्या गोष्टी असतात. मग वितरणाचा मेन्टेनर, म्हणजे ते पॅकेज सांभाळणारा माणूस, काय करतो? नव्या आवृत्तीतून फक्त त्या दुरुस्तीच्या ओळी शोधतो, जुन्या कोडवर बसवतो आणि जुन्याच आवृत्तीचं ठिगळ लावलेलं पॅकेज पाठवतो. याला म्हणायचं बॅकपोर्ट. बॉर्डनसाहेबांच्या पेटीतल्या पुस्तकाचं पान फाटलं तर नवी आवृत्ती न मागवता पान चिकटवायचं, तसं.

७ एप्रिल २०१४ ला हार्टब्लीड हा सुरक्षेचा दोष जाहीर झाला तेव्हा हे जगाने पाहिलं. ओपनएसएसएल ही इंटरनेटवरच्या गुप्त संभाषणाची लायब्ररी. तिला विशिष्ट तऱ्हेने 'आहेस ना?' असं विचारलं की ती सर्व्हरच्या मेमरीतली ६४ किलोबाइटपर्यंतची भलतीच माहिती ओकत असे. दोष १.०.१ पासून १.०.१एफपर्यंतच्या आवृत्त्यांत होता, १.०.१जीमध्ये दुरुस्त झाला. त्या वेळी स्थिर असलेल्या डेबियन ७ मध्ये १.०.१ई होती. तिला ठिगळ मिळालं आणि नव्या पॅकेजचा आकडा झाला १.०.१ई-२+डेब७यू५. मंत्रासारखा दिसतो, पण फोडून वाचा: मूळ आवृत्ती १.०.१ई, तिचं डेबियनमधलं दुसरं बांधकाम, आणि डेबियन ७ साठीची पाचवी दुरुस्ती. फक्त पुढचा आकडा बघणाऱ्या तपासणी प्रोग्रॅमांनी 'धोका, धोका' म्हणून बोंब ठोकली, कारण त्यांच्या हिशेबी 'ई' म्हणजे रोगी. आणि गंमत पुढे आहे. त्याहून म्हाताऱ्या डेबियन ६ ला काहीच झालं नव्हतं. तिच्यात ०.९.८ होती आणि दोषी भाग तेव्हा लिहिलाच गेला नव्हता. म्हातारपणाचा असाही फायदा.

मार्च २०२४ मध्ये तोच फायदा पुन्हा दिसला. पोस्टग्रेस या डेटाबेसचे विकसक आंद्रेस फ्रॉइंड डेबियन सिडवर मोजमापं घेत होते. एसएसएचने, म्हणजे दुरून दुसऱ्या संगणकात शिरायच्या प्रोग्रॅमने, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. अर्धा सेकंद! खणत गेल्यावर सापडलं की एक्सझेड या फायली दाबणाऱ्या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम चोरदार बसवलं आहे. ते बसवणारं 'जिया टॅन' हे नाव त्याआधी दोन वर्षांहून जास्त काळ इमानेइतबारे मदत करून विश्वास कमावत होतं. एसएसएचला खरं तर एक्सझेडशी देणंघेणं नाही. पण डेबियनसह काही वितरणांनी एसएसएचला सिस्टिमडीची, म्हणजे यंत्रावरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची, लायब्ररी जोडली होती आणि तिला एक्सझेडची लायब्ररी लागत होती. धाग्याला धागा, तिसऱ्या घरातून चोर आत. चोरदाराचा माल सिड आणि टेस्टिंगपर्यंत पोहोचला होता, फेडोरा या दुसऱ्या वितरणाच्या चाचणी आवृत्त्यांतही गेला होता. डेबियनच्या स्थिर पेटीत मात्र जुनी ५.४.१ होती. कुणी हुशारीने अडवलं म्हणून ती वाचली नाही. दार आधीच लागलेलं होतं, एवढंच.

यावरून जुनं ते सोनं असा निष्कर्ष काढू नका, कारण ठिगळ लावणारा हातही चुकतो. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ ही दुरुस्ती-आवृत्ती निघता निघता थांबवावी लागली. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, ६.१.६४ मध्ये मागे आणलेली एक दुरुस्ती तिच्या जोडीदार बदलाशिवाय आली होती, आणि त्यामुळे एक्स्ट४ या फाइल सिस्टिमवरची माहिती बिघडू शकत होती. घाईने १२.४ काढली, १२.३ वगळली. औषधाच्या दोन गोळ्या बरोबर घ्यायच्या होत्या, एकच घेतली.

त्याहून वाईट प्रसंग २००८ चा. डेबियनच्याच माणसांनी २००६ मध्ये ओपनएसएसएलमधल्या, तपासणीच्या साधनाला खटकणाऱ्या एक-दोन ओळी काढल्या होत्या. त्या ओळी यादृच्छिक आकड्यांना खतपाणी घालत होत्या. मे २००८ पर्यंत, म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळ, डेबियनवर तयार होणारी प्रत्येक एसएसएच किल्ली एका प्रकारात फक्त ३२,७६८ शक्यतांपैकी एक होती. चोराने त्या सगळ्या आधीच बनवून खिशात ठेवाव्यात. आणि हे सगळं त्या काळच्या 'स्थिर' पेटीत, कुलूप लावून, व्यवस्थित पोहोचलं होतं.

आमच्या वाचनालयात डेबियन १३ गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आलं. दोन-अडीच महिने मुद्दाम थांबलो होतो. आधी सभासदांच्या एका संगणकावर टाकलं, पंधरा दिवस त्यावर कुणी कुरकुरतंय का ते पाहिलं. एका आजोबांनी कुरकुर केली, पण ती खुर्चीबद्दल होती. देवघेवीचं यंत्र राहूनच गेलं. ते ३२ बिटांचं आहे आणि १३ मध्ये तसल्या पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर राहिलेला नाही. ते १२ वरच पडून आहे, सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं बंद होईपर्यंत चालेल, मग समितीपुढे पैशाचा विषय काढावा लागेल. मला तो दिवस दिसतोय.

पावत्यांचं यंत्र शेवटी घेतलं. लिब्रेऑफिस ७.४ वरून एकदम २५.२ वर गेलेलं पाहून काकू दचकल्या. "सतरा-अठरा आवृत्त्या एकदम?" मग सांगावं लागलं की त्यांनी मधेच आकड्याची रीत बदलली, आता वर्ष आणि महिना लिहितात. काकूंना ते पटलं नाही, पण त्यांनी एका नव्या सभासदाचं नाव टाकलं आणि बटण दाबलं. पावती आली. जोडाक्षरं जागच्या जागी होती. काकूंनी चष्मा पुढे ओढून कोपऱ्यातला क्रमांक पाहिला, तो कालच्या पावतीच्या पुढचाच होता. मग आम्ही शेव-उसळ मागवली.