लिनक्स मिंट २२.२ : आधी चालवून बघा, बसवायचं नंतर ठरवू
(आमच्या दुकानातून पेनड्राईव्ह घरी नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

सध्या काउंटरवर दिवसातून दोनदा तरी ऐकू येतं, "लॅपटॉप मस्त चाललाय हो, पण विंडोज म्हणतंय आता बदला." १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेली बहुतेक मशीन बाद. कीबोर्ड धडधाकट, स्क्रीन स्वच्छ, एसएसडी तर आम्हीच दोन वर्षांपूर्वी बसवून दिलेली. असं मशीन भंगारात घालायला जीव होत नाही, ते आम्हालाही कळतं.

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा अपडेटची सोय ठेवली आहे. तेवढी मुदत पुरणार असेल तर ती नोंदणी करून घ्या, आम्ही करून देऊ, आणि हा कागद खिशात ठेवा. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

मिंट काय आहे?

लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी संगणक चालवणारी, २००६ पासून चालू असलेली मोफत प्रणाली आहे. क्लेमाँ लफेव्र या फ्रेंच माणसाने ती सुरू केली, खर्च देणग्यांवर आणि प्रायोजकांवर निघतो. दर आवृत्तीला 'आ'ने संपणारं बाईचं नाव देतात. पहिली 'एडा', २२ क्रमांकाची 'विल्मा', आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली २२.२ म्हणजे 'झारा'. तिचा पाया उबुंटू २४.०४ ही दुसरी लिनक्स प्रणाली, त्यामुळे अपडेट २०२९ पर्यंत मिळत राहतील. आमच्या दृष्टीने नावापेक्षा ही तारीख महत्त्वाची. आज बसवलेलं मशीन वर्षभरात पुन्हा टेबलावर यायला नको.

झारामध्ये नवीन काय, असं विचारलंत तर बोटाच्या ठशाने कुलूप उघडणारं 'फिंगविट' नावाचं साधन आलं आहे आणि आतला कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा गाभा, ६.१४ झाला आहे. जुन्या लॅपटॉपवाल्यांना यातलं फारसं काही जाणवणार नाही. नवा लॅपटॉप घेऊन ज्यांचं वायफाय जुन्या मिंटमध्ये दिसत नव्हतं, त्यांनी मात्र ही आवृत्ती जरूर लावून पाहावी.

तीन रूपं मिळतात : सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. आठ जीबी रॅम असेल तर सिनॅमन, चार असेल तर एक्सएफसीई देतो. मिंटवाले किमान दोन जीबी म्हणतात. तेवढ्यात मशीन सुरू होतं हे खरं, पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की कपाळावर आठ्या पडतात. रॅम खातो तो ब्राउझर, त्याला कुठलीही प्रणाली काही करू शकत नाही. आणि बत्तीस बिटचा जुना डबा असेल तर आणूच नका, २२ ची मालिका चौसष्ट बिटवरच चालते.

पेनड्राईव्ह लावण्याआधी

ही दहा मिनिटं कोणी देत नाही आणि मग फोन येतो.

विंडोज 'शट डाउन' करून बंद केलं की ते बऱ्याच मशीनवर खरं बंद होत नाही, डुलकी घेतं. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. अशा अर्धवट झोपलेल्या विंडोजचे ड्राईव्ह मिंटमध्ये उघडले तर फोटो दिसतील, पण त्यात काही लिहिता येणार नाही. म्हणून मिंटमध्ये जाताना विंडोजमधून 'रीस्टार्ट' करा.

दुसरं, बिटलॉकर. काही लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट वगैरे काही बदललं की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी किल्ली मागतं. ही किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आधी ती शोधा, वहीत उतरवून ठेवा. मिंट चालवायला सिक्युअर बूट सहसा बंद करावं लागत नाही, तेव्हा यूट्यूबवर पाहून ते बंद करायच्या भानगडीत पडू नका.

बॅकअपबद्दल आम्ही गेली कित्येक वर्षं बोलतोय, इथे एकदाच लिहितो : घ्या.

पहिली रात्र

पेनड्राईव्ह निळ्या यूएसबी खाचेत लावा. काळी खाच सहसा जुन्या पद्धतीची असते, तिच्यात सगळं रडतखडत चालतं आणि मग नाव मिंटचं खराब होतं. मशीन चालू करताच डेल आणि लेनोव्होवर एफ १२ टिचकवत राहा, एचपीवर एस्केप आणि मग एफ ९, असुसवर एस्केप. यादीतून पेनड्राईव्ह निवडा. काळ्या पडद्यावर पहिली ओळ 'स्टार्ट लिनक्स मिंट' अशी येईल, एंटर दाबा. पडदा काळाच राहिला किंवा चित्र फाटलं तर पुन्हा सुरू करून 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा.

मिनिट-दोन मिनिटांत डेस्कटॉप येतो. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. विंडोज ७ वापरलेल्यांना माहेरी आल्यासारखं वाटतं. हे सगळं पेनड्राईव्हवरून आणि रॅममध्ये चाललेलं असतं, तुमच्या हार्ड डिस्कला हात लागलेला नसतो. म्हणूनच बंद केलं की तुम्ही केलेलं सगळं पुसलं जातं. फाईल जपायची असेल तर दुसऱ्या पेनड्राईव्हवर ठेवा.

डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं एक चिन्ह दिसेल. त्याला हात लावू नका. आमच्याच दुकानात एका मुलाने ते उघडलं, 'पुढे, पुढे' करत गेला आणि 'इरेझ डिस्क'वर होय म्हणाला. मशीन बिलिंगचं होतं. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं, पण त्या दिवशीची सतरा बिलं आम्ही हाताने पुन्हा भरली. तेव्हापासून घरी न्यायला देतो त्या पेनड्राईव्हवर लाल चिकटपट्टी आहे.

वायफाय जोडलं की घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं दिसेल. घाबरू नका. पेनड्राईव्हवरचं मिंट ग्रिनिचची वेळ धरून बसतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. परत विंडोजमध्ये गेल्यावरही कधी कधी हाच घोळ दिसतो, कारण दोघं मिळून एकच घड्याळ दोन पद्धतीने वाचतात. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबलं की झालं. पुढे दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी बसवून घेतल्यात तर हा वाद आम्ही कायमचा मिटवून देतो.

वायफायच दिसत नसेल तर बहुधा ब्रॉडकॉमची चिप असते. मोबाईल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, मोबाईलचं नेट लॅपटॉपला मिळतं. मग मेनूतून 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, तो ड्रायव्हर शोधून देतो.

मराठी लिहून बघा

वॉलपेपर बदलून झालं की खरी परीक्षा घ्या. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लेआउट्स'मध्ये जाऊन मराठी जोडा. सरकारी मांडणीचा इनस्क्रिप्टही मिळतो आणि उच्चारावर चालणारा 'कगप'ही. लिबरऑफिस रायटर उघडा आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'ज्ञानेश्वर', 'बाळ' हे चार शब्द लिहा. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ, मग डी दाबून हलन्त, मग य. 'दुसऱ्या'तली ती कोयरीसारखी र नीट आली की निम्मं काम झालं. मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी निवडली तर काही फॉन्टांत ल आणि श आपल्या वळणाचे होतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्हालाच बरं वाटलं होतं.

टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टन शिकून ज्यांचा हात बसलाय, त्यांनी पेनड्राईव्ह घरी न नेता दुकानात येऊन बसावं. ती मांडणी वेगळी बसवावी लागते आणि सवयीच्या काही कळा हाताला दगा देतात. अर्ध्या तासात कळतं, जमतंय की नाही.

श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्यांनी मात्र नीट विचार करा. ती सॉफ्टवेअर विंडोजची. त्यातल्या जुन्या, युनिकोड (अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टांत केलेली लग्नपत्रिका मिंटमध्ये उघडली तर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाईल खराब झालेली नसते, फक्त तो फॉन्ट तिथे नसतो. फॉन्ट बदलून, मजकूर युनिकोडमध्ये आणून काम होतं, पण कपाटभर जुन्या फाईली असतील तर हे मोफत होत नाही आणि पटकनही होत नाही.

प्रिंटर, टॅली आणि बाकीची कटकट

प्रिंटर त्याच रात्री लावून एक पान काढा. एचपीचे बरेचसे यूएसबी लावताच ओळखले जातात, स्कॅनरसकट. काही जुने स्वस्त लेझर प्रिंटर मात्र पानाचं चित्र संगणकाकडून स्वतःच्या खास भाषेत मागतात. त्यांच्यापुढे आम्ही तासन्‌तास बसलोय आणि शेवटी हात जोडलेत. कोणता मॉडेल आहे ते सांगा, आम्ही खोटी आशा दाखवणार नाही.

टॅली मिंटमध्ये थेट चालत नाही. डिजिटल सहीचा डोंगल वापरून रिटर्न भरणारे, अंगठ्याचं मशीन लावून सेवा केंद्र चालवणारे, यांनी मुख्य मशीनवर विंडोजच ठेवावं, असंच आमचं मत. मुलांचा अभ्यास, व्हॉट्सॲप वेब, बँकेची साइट, सातबारा उतरवून घेणं, पत्रं, हिशेबाच्या साध्या शीट, सिनेमे, हे सगळं आरामात होतं. एक्सेलच्या मॅक्रो भरलेल्या फाईली मात्र लिबरऑफिसमध्ये लंगडतात. तुमची नेहमीची फाईल पेनड्राईव्हवर घेऊन बसा, दुसऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका.

बायको, नवरा, आईबाबा, जो कोणी तो लॅपटॉप वापरतो त्यालाही अर्धा तास बसवा. मशीन घेणारा आणि वापरणारा वेगळा असला की दुसऱ्याच आठवड्यात 'आमचं जुनंच परत करून द्या' असा फोन येतो.

आमचा हिशेब

पेनड्राईव्ह आठ दिवसांसाठी, ३०० रुपये अनामत, परत आणलात की पूर्ण परत. प्रत्येक पेनड्राईव्हची फाईल आम्ही मिंटने दिलेल्या बेरजेशी (चेकसम, फाईलवरून काढलेला तपासणीचा आकडा) ताडून पाहतो, म्हणजे उतरवताना काही खराब झालं असेल तर तुमच्याकडे जायच्या आधीच कळतं. स्वतः करायचं असेल तर मिंटच्या साइटवरून तीन जीबीच्या आत-बाहेरची फाईल घ्या, पण ती बेरीज ताडायला विसरू नका. भलत्याच ठिकाणाहून उतरवू नका.

परत येताना मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून आणा : वायफाय आलं का, आवाज आला का, पान छापलं का, झाकण बंद करून उघडल्यावर मशीन जागं झालं का, आणि मराठीत किती वेळ टाईप केलं. 'छान वाटलं' एवढंच लिहिलेले कागद आम्ही परत देतो. दुकान सोमवारी बंद असतं, बाकी दिवशी दुपारी दोन ते चार जेवणाची सुट्टी.