प्रोबेटची भानगड मुंबईतच का होती?

काकांचं मृत्युपत्र एकदम व्यवस्थित होतं, दोन साक्षीदार, रजिस्टर्ड, सगळं. तरी सोसायटीचे सेक्रेटरी अडून बसले, प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) आणा मगच शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवतो. तिकडे ठाण्याच्या आत्याच्या फ्लॅटला असलं काही कुणी विचारलंही नव्हतं. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे एक नियम न् पलीकडे दुसरा, हे काय गौडबंगाल म्हणून खोदत गेलो तर थेट इंग्लंडच्या चर्चमध्ये पोचलो.

तिथे 1858 पर्यंत मृत्युपत्राचं काम चर्चच्या कोर्टांकडे होतं (जमीन सोडून, फक्त जंगम मालमत्ता). गंमत म्हणजे भांडण तिथेही हद्दीचंच, मयताची पाच पौंडांवरची मालमत्ता दोन बिशपांच्या हद्दीत असली की केस वर आर्चबिशपच्या कोर्टात. ईस्ट इंडिया कंपनीने हे सगळं बोटीतून इकडे आणलं. 1726 च्या सनदेने मुंबईत मेयर्स कोर्ट आलं आणि त्याला प्रोबेट द्यायचा अधिकार मिळाला, पुढे रेकॉर्डर्स कोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, तिथे तर चक्क चर्चच्या कायद्याचा वेगळा विभाग होता, आणि 1862 ला हायकोर्ट आल्यावर ते काम त्याच्याकडे गेलं.

आपल्याकडे मुळात मृत्युपत्राची रीतच नव्हती म्हटलं तरी चालेल, एकत्र कुटुंबाची इस्टेट एकट्याने वाटणार कशी? पण मुंबई-कलकत्त्यात स्वतः कमावलेला पैसा आला आणि लोक लिहायला लागले. मग 1870 चा हिंदू विल्स ॲक्ट. तो लागू कुठे, तर बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरचा मुलूख आणि मद्रास व मुंबई शहरं. बस्स. पुणे, नाशिक, ठाणे बाहेर. हीच रेघ 1925 च्या वारसा कायद्यात प्रोबेटची सक्ती करणाऱ्या कलम 57 आणि 213 मध्ये जशीच्या तशी उतरली, आणि पुढे हायकोर्टाची हद्द उपनगरांपर्यंत वाढली तसं मुलुंडही आत आलं. मुसलमानांना हे लागू नव्हतंच, ख्रिश्चनांची 2002 मध्ये सुटका झाली. गोव्याचं तर सगळंच निराळं, पोर्तुगीज कायद्यामुळे अर्धी इस्टेट वारसांसाठी राखीवच, मृत्युपत्र फक्त उरलेल्या अर्ध्याचं.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 213 कलमच काढून टाकलं. सक्ती गेली, पण प्रोबेट मागायची सोय आहेच, भाऊबंदकी असेल तिथे लोक घेणारच. काकांच्या वेळी मात्र पेपरात बारीक टायपातली नोटीस, सगळ्या वारसांच्या सह्या, त्यात एक चुलतभाऊ कॅनडात, सगळं रीतसर करावं लागलं.