सिकलसेलच्या तपासणीला येण्याआधी एवढं वाचा

सिकलसेल म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा, आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. त्याच्या तपासणीबद्दल काउंटरवर रोज तेच तेच सांगावं लागतं, म्हणून शेवटी छापून घेतलं.

उपाशी यायची गरज नाही. दोन मिली रक्त पुरतं, चहा-पोहे खाऊन या.

मात्र रक्त चढवलं असेल तर सुई टोचण्याआधी सांगा. सगळा घोळ इथेच होतो. अंगात दुसऱ्याचं रक्त असलं की एचपीएलसी मशीन (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारं) त्याचं चांगलं हिमोग्लोबिनही मोजतं, आणि खऱ्या पेशंटचा रिपोर्ट नुसत्या वाहकासारखा, म्हणजे दोष आहे पण आजार नाही अशा माणसासारखा दिसतो. मग पैसे गेले, वेळ गेला, वर डॉक्टरही बुचकळ्यात. निरोगी लाल पेशी साधारण 120 दिवस टिकतात. म्हणून रक्त चढवल्यावर तपासणीआधी थांबावं लागतं; बरेच जण तीन महिन्यांवर भागवतात. आम्ही चार धरतो. त्यावरून लोक चिडतात, पण चुकीचा रिपोर्ट देण्यापेक्षा ते परवडलं. थांबणं शक्य नसेल तर आई-वडिलांना घेऊन या, त्यांच्या रक्तावरून बरंच कळतं.

शिबिरात ‘पॉझिटिव्ह’ सांगितलं म्हणून घाबरून स्थळ मोडू नका. तिथली सोल्युबिलिटी टेस्ट वाहक कोण आणि रुग्ण कोण हे वेगळं सांगत नाही. जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एकच सदोष असेल तर माणूस वाहक, आणि त्याला सहसा काही त्रास नसतो. दोन्ही सदोष असतील तर आजार. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता 25 टक्के, वाहक बाळाची 50. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली’ हा हिशोब चूक आहे. पोटातलं बाळ आधीच्या भावंडांची मोजदाद ठेवत नाही.

आमच्याकडे बहुतेक वेळा सून एकटी येते. नवरा ‘मला काय धाड भरलीय’ म्हणत बाहेर स्कूटरवर बसून राहतो. त्यालाही आत आणा. बायको सिकलसेलची वाहक आणि नवरा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) वाहक असला, तरी बाळाला सिकलसेलसारखाच आजार होऊ शकतो. एचपीएलसीत सहसा दोन्ही दिसतं, म्हणूनच आम्ही साध्या टेस्टवर भागवत नाही.

2023 साली सुरू झालेल्या सरकारी मोहिमेत तपासणी झाली असेल तर ते कार्ड आणा, उगीच दोनदा पैसे घालवू नका. जोडीने आलात तर दुसऱ्या नमुन्याला सवलत आहे. वडोदऱ्यातल्या रावपुरा, दांडिया बाजार भागात नमुना घ्यायला आमचा माणूस घरी येतो. रक्त चढवल्याची तारीख त्यालाही सांगा.