‘एसडीए’ म्हणजे पहिली डिस्क नव्हे
सांगलीत हळदीच्या एका पेढीचा लिनक्स सर्व्हर हाती घेतला तेव्हा मला सांगितलं गेलं, ‘पहिल्या केबलची डिस्क म्हणजे एसडीए.’ हा समज चुकीचा आहे. एसडीए, एसडीबी ही लिनक्स डिस्कना देतं ती नावं. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जी डिस्क आधी सापडेल तिला एसडीए हे नाव मिळतं. रीबूटनंतर तीच एसडीबी होऊ शकते. आमच्याकडे तसंच झालं, बॅकअपच्या जागी भलतीच डिस्क माउंट झाली, म्हणजे जोडली गेली.

म्हणून एफएसटॅबमध्ये, म्हणजे काय कुठे माउंट करायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, अशा नावाऐवजी यूयूआयडी हा ओळख क्रमांक लिहा. मात्र तो फाइलसिस्टिमचा, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या मांडणीचा असतो, डिस्कचा नव्हे: फॉरमॅट केलं की बदलतो, आणि डिस्क जशीच्या तशी क्लोन केली तर दोन्हींवर एकच! खुद्द डिस्क ओळखायची तर लिनक्सच्या ‘बाय-आयडी’ (/dev/disk/by-id) फोल्डरमधली नावं पाहा. त्यांत बहुधा मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. मी तोच सिरियल नंबर डिस्कच्या प्रत्येक ट्रेवर ठळक अक्षरांत चिकटवला आहे.